झाकणाच्या आतली तारीख

दादा,

सव्वाचारला घड्याळवाल्याने बाबांच्या मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. आज गाठलेलं हे तिसरं दुकान. पहिल्याने चावीच्या घड्याळाला बॅटरी बसवू म्हटलं. दुसरा म्हणाला, "ठेवून जा, बघतो." याने बाबांच्या आणि माझ्या डोळ्यांदेखत उघडलं, म्हणून तिथे टेकलो.

दुरुस्ती केली की कारागीर झाकणाच्या आत बारीक तारीख कोरतो. बाबांच्या घड्याळात अशा पाच आहेत, शेवटची नऊ वर्षांपूर्वीची. सहा महिन्यांपूर्वी "माझ्या खात्रीच्या माणसाकडून सर्व्हिसिंग करून आणलंय" म्हणत तू ते त्यांच्या हातात बांधलंस. त्या माणसाची आत खूण नाही. तेल वाळून गोंद झालंय. सकाळी लावलेलं घड्याळ संध्याकाळपर्यंत पाऊण तास मागे पडतं.

बाबा जेवायला उशिरा यायचे, डॉक्टरांची वेळ चुकवायचे, ते याच घड्याळात बघून. वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर तू लिहिलंस, "वेळेचं भान राहिलेलं नाही." तेव्हा मीही मान डोलावली होती.

बाबांनी घड्याळवाल्याला एवढंच विचारलं, "म्हणजे मी ठीक आहे ना?"

फॉर्म टेबलावर आहे. मी सही केलेली नाही. उद्या दहाला आश्रमाची माणसं येतील, त्यांना काय सांगायचं ते तू बघ.

बाबांच्या गोळ्या आणि स्वेटर न्यायला मी घरी आले होते, आता परत दुकानात निघाले. ते तिथेच स्टुलावर बसलेत. घरी चला म्हटलं, तर अजून हो म्हणालेले नाहीत.

धाकटी