जुन्यावरच नवीन

२४, शुक्रवार
ताई दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यातला प्रोग्रॅम मी लिहिलाय. दर एक तारखेला तो पेशंटना मेसेज पाठवतो: 'दात दाखवायला या.' ताईच्या सासूबाई पेशंट होत्या, नंबर भावोजींचा दिलेला. त्या गेल्या, मेसेज येतोच आहे. तो आला की भावोजी दिवसभर गप्प असतात म्हणे. ताई म्हणाली, एवढं नाव काढून टाक. नाव काढायची सोय मी ठेवलीच नव्हती. पाच मिनिटांचं काम. रविवारी उरकतो.

२६, रविवार
घरच्या कॉम्प्युटरवरच्या एवढ्या जुन्या सॉफ्टवेअरवर कोड लिहिणं मला शोभत नाही. आधी ते अपग्रेड करायचं, मग ती पाच मिनिटं. जुनं आधी काढू का, असं इन्स्टॉलरने विचारलं. नको म्हटलं. बसलेली घडी कशाला मोडा? बायको म्हणाली, जुना रंग खरवडल्याशिवाय वरचा टिकत नाही. ती या क्षेत्रातली नाही.

संध्याकाळी
बहात्तर टक्क्यांवर थांबलंय. हात लावलेला नाही. माझ्याकडे संयम आहे.

२७, सोमवार
अजून बहात्तर. संयम संपला. बंद करून चालू केलं. आता नव्यावर क्लिक केलं की जुनं उघडतं, आणि लगेच मिटतं.

२८, मंगळवार
ताईचा फोन. होतंय म्हटलं. खोटं नाही, काहीतरी होतंयच.

२९, बुधवार
डोकं दुखतंय सांगून ऑफिसातून लवकर निघालो. घरी आल्यावर खरंच दुखायला लागलं. निम्म्या फाइली जुन्या, निम्म्या नव्या, कुणाचं कुणाशी पटत नाही. इंटरनेटवर एकाने हुबेहूब हीच अडचण मांडलीय. खाली त्यानेच लिहिलंय, 'जमलं, धन्यवाद.' कसं जमलं ते नाही. अशा माणसांना काय म्हणावं! कंटाळा आलाय.

३०, गुरुवार
ठरलं. सगळं मुळापासून काढायचं. 'या फोल्डरमधलं सर्व पुसायचं?' हो. अशा वेळी कच खायची नसते.
नवीन एका दमात बसलं. एकही एरर नाही. बायकोला बोलावून दाखवलं. ती छान म्हणाली, आणि ताईच्या सासूबाईंचं नाव काढलं का, असं विचारलं.

नंतर
ताईच्या प्रोग्रॅमचा मूळ कोड मी जुन्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये ठेवला होता, हाताशी असावा म्हणून. पुसला गेला. दवाखान्यातला प्रोग्रॅम चालतोय, पण त्यात आता काही बदलता येणार नाही. बॅकअप घ्यायचं मी जानेवारीतच ठरवलं होतं. म्हणजे विचार केला नव्हता असं नाही.

१, शुक्रवार
मेसेज गेला. अगदी वेळेवर, पण ते कुणी लक्षात घेत नाही. ताई म्हणाली, भावोजींनी वाचला, फोन उपडा ठेवला आणि उठून गेले. फार वाईट वाटलं. मीच त्यांना फोन केला. ते रागावले नाहीत. पुढच्या महिन्यातही येईल का, एवढंच विचारलं.
अजिबात नाही, असं मी ठामपणे सांगितलं.