एकच प्रत

ऐरोली, १४ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घटना क्रमाने मांडते. हेल्मर या परदेशी पंप-कंपनीने मागील महिन्यात तिच्या मायदेशातील न्यायालयात लाचखोरीची कबुली दिली. द्रोणागिरीत पावसाचे पाणी उपसणाऱ्या पंपांचा ठेका मिळावा म्हणून सरकारी मंडळाच्या मुख्य अभियंत्याच्या कन्येचे परदेशी शिक्षणाचा खर्च कंपनीने केला, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा मुख्य अभियंता तुम्ही होता, आणि तुम्हाला कन्या एकच.

ते पंप गेल्या पावसाळ्यात बंद पडले. आपल्याला मासळी देणाऱ्या मैनाबाईंच्या घरात खाडी शिरली. त्याच्या चौकशी समितीवर तज्ज्ञ म्हणून मला बोलावले आहे.

हेल्मरची शिष्यवृत्ती गुणवत्तेवर मिळाली, असे मी आजवर सर्वांना सांगत आले. तिच्या अर्जासोबतचा निबंध स्वहस्ताक्षरात हवा होता. एक खाडाखोड झाली, म्हणून मी तो अख्खा पुन्हा लिहिला आणि पहिली प्रत फाडली. हेल्मरच्या वाशीच्या कचेरीत तो देण्यासाठी तुम्ही घेऊन गेलात. निवड समितीने तो वाचला होता का, एवढेच कळवावे.

आईस नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
सुनयना


कोरेगाव, २२ जुलै २०२५

चि. सुनूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानपणी माझ्या सहीतसुद्धा चुका काढायचीस, ती खोड काही गेली नाही. आईचे गुडघे बरे आहेत. शेवग्याला यंदा शेंगा मोप.

त्या गोऱ्यांचं काय घेऊन बसलीस? त्यांनी तिकडं दंड भरला, हात झटकले. ठेका कुणाला तरी जायचाच होता. स्वतःसाठी मी चहासुद्धा घेतला नाही, आईला विचार. तुझी हुशारी मला ठाऊक होती; ती कुठल्या समितीच्या भरवशावर कशाला सोडायची?

आणि निबंध म्हणशील, तर तो माझ्या कपाटात जपून ठेवलाय. अधूनमधून काढून वाचतो. अक्षर बघत राहावं असं.

गणपतीला ये. राग धरू नकोस.

तुझा बाबा


ऐरोली, २९ जुलै २०२५

श्री. शहाजी जगदाळे,
निवृत्त मुख्य अभियंता, यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. निबंधाची प्रत एकच होती. ती आपल्या कपाटात आहे. अर्थात ती वाशीला दिलीच गेली नाही.

चौकशी समितीला आज नकार कळवला, कारणासह. आपले नाव त्यात आहे.

निबंध दिला असता, तर कदाचित माझी निवड झालीही असती. ते आता कोणालाच कळणार नाही, मलाही नाही. माझी हुशारी आपणांस ठाऊक होती, असे आपण लिहिता. ठाऊक होती, तर निबंध का दिला नाही?

तो टपालाने परत पाठवावा, आणि सोबत या प्रश्नाचे उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.

सुनयना शहाजी जगदाळे