टीव्हीवर रोज थोडे थोडे काका

डार्मश्टाट, रविवार

तीर्थरूप काका,

बार्शीच्या दिशेने तोंड करून नमस्कार (दिशा फोनच्या होकायंत्रावर पाहिली आहे, चुकलेली नाही). गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेत असालच, द्यायला काकू आहे. मी उत्तम आहे.

विशेष म्हणजे, तुम्ही शूट केलेली आपल्या घरची सगळी लग्नं आणि मुंजी आता जर्मनीत टीव्हीवर दिसतात. वसतिगृहात कुणीतरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स चढवलं आणि मीडिया सर्व्हर उभा केला. म्हणजे सगळे व्हिडिओ एका डब्यात, आणि हव्या त्या पडद्यावर हवा तो लावा. कंपनीची वर्गणी नाही, मालकी आपली. (हे मी स्वयंपाकघरात सगळ्यांना उभं राहून समजावलं. भात खाली लागला, पण मुद्दा पोचला.) अडचण एकच आली. सर्व्हर चालू, पण फोल्डर रिकामा दाखवी. व्हिडिओंची डिस्क माझ्या नावावर आणि सर्व्हर लिनक्सच्या लेखी परका माणूस, त्याला आत यायची परवानगीच नव्हती. ती दिली आणि शुभाआत्याचं लग्न बदामाच्या चौकटीसकट अवतरलं. फोल्डरला मी आदराने नाव दिलं, 'काका'.

तेव्हापासून आमच्या सामायिक खोलीतल्या टीव्हीवर रोज झळकू लागलं, 'नुकतंच आलेलं: काका'. मी भेटेल त्याला जर्मनमध्ये अभिमानाने सांगत होते, की रोज थोडे थोडे काका घालते, सगळ्यांसाठी खुलं आहे, लाजू नका. लोक हसत, मला वाटलं सर्व्हर आवडला. मग शेजारच्या खोलीतल्या युटाने हळूच विचारलं, पोट बरं आहे ना, डॉक्टर सुचवू का. शेवटी वरच्या मजल्यावरची ज्ञानदा (पुण्याची, इथे पीएचडी करते) मला जिन्यात घेऊन गेली.

"अश्लेषा, त्या फोल्डरचं नाव बदल गं."

"का? काकांचेच व्हिडिओ आहेत."

"आल्झो, म्हणजे... कसं सांगू तुला. इथली लहान मुलं शी झाली की 'काका' म्हणतात."

आपण आपला शब्द का सोडायचा, असं माझं मत आहे आणि ते मी तिला तिथेच सांगितलं. फोल्डर तसाच आहे. युटा आता स्वतःहून लग्नं बघते, कानपिळी तर मागे घेऊन घेऊन.

पदवीदानाला तुम्ही येताय, याचा आनंद लिहून संपणार नाही. त्या संध्याकाळी शिक्षकांसमोर मला दोन शब्द बोलायचे आहेत. सगळे नको म्हणत असताना मला कॉलेजात घालायला घरात एकटे तुम्ही उभे राहिलात, हे सांगणार आहे. भाषण झकास झालंय. जर्मनमध्ये पहिल्या वाक्याचा पहिलाच शब्द तुम्ही आहात.

काकूला नमस्कार.

तुमची,
अश्लेषा

ता. क. पत्राचं खरं कारण. त्या संध्याकाळपुरतं तुम्हाला नुसतं 'विनय' म्हटलं तर चालेल का? आमच्या विभागात प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात. बाबांना कळू देऊ नका.

ता. क. २. प्रश्न मागे घेते. आरशासमोर सराव केला. नाव एकेरीत निघेना, निघालं तेव्हा पाठोपाठ 'राव' आणि 'जी' दोन्ही आले. काकाच म्हणेन. सभागृह हसेल, तेव्हा तुम्ही सावकाश उठून नमस्कार करा. त्यांना वाटेल, आमच्याकडे हा मोठ्या मानाचा शब्द आहे. आहेच.