शिवडीच्या तिसऱ्या

रविवार, ८ मार्च
नमुना क्र. ३ आईने खाल्ला. आमच्या शास्त्रात याला पूर्वाधार नसावा.

परवा लॅबचा डीप फ्रीझर बसला, म्हणून शिवडीच्या चिखलातल्या तिसऱ्या घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवल्या. पिशवीवर ठळक ‘शिवडी’ लिहिलं. आईला वाटलं, कुठून घेतल्या ते लिहून ठेवणारा मुलगा, किती व्यवस्थित! रविवार होताच. मी लॅबमधून लालबागला परतेपर्यंत एकेका शिंपीसकट मसाल्यात परतून त्यांचं एकशिपी करून, जेवून, हात धुऊन मोकळी. माझं ताट वाढून ठेवलेलं. बायको तिसऱ्या खात नाही, ती सुटली.

तिकडचं पाणी तांबूस झालं होतं म्हणून तर त्या गोळा केल्या. पाणी असं तांबूस करणाऱ्या शेवाळाचं विष तिसऱ्यांत साठतं आणि उकळून मरत नाही. आधी ओठांना मुंग्या, मग जीभ जड, मग श्वास. डॉक्टरांना फोन. म्हणाले, लक्ष ठेवा, जरा काही वाटलं तर थेट घेऊन या.

‘आई, ओठांक मुंग्यो येतत?’
‘येतल्यो नाय तर! एवढी मिरची घातलंय.’

या उत्तराचं काय करायचं?

त्याच दिवशी, संध्याकाळी
तिला रोजचं स्तोत्र मोठ्याने म्हणायला लावलं. जीभ कुठे अडखळते ते ऐकत बसलो. सबंध म्हणाली. एका विसर्गाचा बळी देते तो आजही दिला, त्याच जागी. लहानपणापासून तो दुरुस्त करत आलोय. आज इतका गोड वाटला की…

मग चप्पल घालून शेजारी महिलादिनाच्या हळदीकुंकवाला गेली. मी खुर्चीत तसाच.

उद्या सोमवार, घरात मासळीचा वास चालत नाही. कामवाली उरलेलं टाकून टोप घासायला निघाली होती. झडप घालून वाटीभर वाचवलं, डब्यात भरलं. ‘भूक लागली तर जेवा ना सरळ,’ म्हणाली.

सोमवार, ९ मार्च
आई ठणठणीत. डबा घेऊन लॅबमध्ये. माझ्या सहकारी जाधवबाई झाकण उघडून हुंगत राहिल्या. ‘सर, नोंदवहीत काय लिहू?’ म्हटलं, ‘मातृहस्ते पाकसिद्ध.’ त्यांनी खरंच लिहिलं.

बुधवार, ११ मार्च
यंत्र म्हणतं, विष नाही. हुश्श.

पण जाधवबाई सोडतात थोडंच. ‘नाही, की मसाल्यात दिसत नाही?’ रास्त शंका. खोबरं, तेल, हळद यांच्या गर्दीत विष लपू शकतं. उपाय एकच: लॅबमधल्या तपासून स्वच्छ ठरलेल्या तिसऱ्यांचं तस्संच एकशिपी, त्यात ठाऊक मापाचं विष आपण मिसळायचं, आणि यंत्राला किती सापडतं ते बघायचं.

आईला म्हटलं, रविवारसारखंच कर, पण कुणी खायचं नाही. ‘मगे करू कित्याक?’ शास्त्रासाठी, म्हटलं. बायको म्हणाली, ‘यांच्या यंत्राला डोहाळे लागलेत, आई.’

शनिवार, १४ मार्च
मिसळलेल्या विषापैकी जेमतेम निम्मं सापडलं. म्हणजे मसाला लपवतो खरा, पण काहीच दिसू नये इतका नाही. धोक्याएवढं असतं तर यंत्राने पकडलं असतं. आईच्या पोटात गेलं ते निर्धोक. आज पहिल्यांदा नीट जेवलो.

शिवडीचा अहवालही असाच लिहून टाकावा, लोक निर्धास्त खातील. सोमवारी बसतो.

रविवार, १५ मार्च
बांगडे तळताना आई सहज म्हणाली, ‘त्या रविवारी तिसऱ्यांचा पयला पाणी ओतून टाकलंय. फ्रीजचो वास येत होतो.’

ही बाई तिसऱ्यांचं पाणी कधी म्हणजे कधी टाकत नाही. चव त्यातच, म्हणून मला जन्मभर ऐकवलंय. आणि हे विष नेमकं पाण्यात उतरतं.

म्हणजे तिसऱ्या स्वच्छ होत्या, की विष मोरीतून पुन्हा समुद्राला मिळालं? अहवाल थांबवला. जाधवबाईंना फोन केला. खो खो हसल्या. मग म्हणाल्या, ‘सर, आईंना मात्र वासाने वाचवलं असेल हं.’

आईकडे बघत राहिलो. ‘काय बघतंस? बांगडो होयो?’

शनिवार, २१ मार्च
पाणी अजून तांबूसच. ओहोटीला जाधवबाई नि मी गुडघाभर चिखलात. नवा नमुना लॅबमध्येच, दुरुस्त फ्रीझरमध्ये, कुलूप लावून. तपासणी लागली आहे. लालबागच्या बाजारात आमच्या नेहमीच्या कोळीणबाईंना म्हटलं, मावशी, शिवडीच्या नका आणू इतक्यात. ‘का हो?’ अजून माहीत नाही, म्हटलं. त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

घरी आई: ‘उद्या काय?’
‘बांगडे.’
‘आणि एकशिपी?’
यंत्राला विचारतोय, म्हटलं.
‘माका विचार.’