तक्त आणि चटई

औरंगाबाद,
ता. २ जून २००२

चि. रईसा हिला गयासभाईच्या भरभरून दुआ, वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? मागं पाठवलेलं तेल लावतेस, का नुसतं फडताळात ठेवून त्याच्याकडं बघतेस? शफीभाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली का? त्यांना म्हणावं, लगेच मशीनवर बसून सुईत दोरा ओवायला जाऊ नका, पिशोरचे लोक चार दिवस जुने कपडे घालतील. तुझ्या सासूबाईंचा खोकला थांबला का? शेळी व्याली का? आणि वहिदा कशी आहे? हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवत असणार, म्हणून तिला इथंच सांगून ठेवतो: बेटा, पुढचा मजकूर तुझ्याबद्दल आहे. एकही ओळ गाळायची नाही आणि मध्ये हसायचं नाही.

इकडं तुझ्या भावजयीची दाढ ठणकतेय. जाहेदा डॉक्टरकडं जात नाही आणि सगळा राग माझ्यावर काढते. बाकी ठीक.

आता मुद्द्याचं. तुझ्या वहिदासाठी सांगून आलेला फुलंब्रीचा मुलगा फारूख शुक्रवारी घरी येऊन गेला. मुलगा दिसायला बरा, वाळूजला कंपनीत फिटर आहे, बोलणं अदबीचं, सुपारीसुद्धा खात नाही. तरी माझा विचार नकाराचा आहे. का ते सांगतो, चिडू नकोस.

त्या दिवशी फुटबॉलच्या वर्ल्ड कपचा पहिलाच सामना होता. आपल्या घरचा दस्तूर तुला माहीत आहे. सगळ्यांनी आधी बाजू सांगायची आणि खाली चटईवर बसायचं. ज्याच्या बाजूनं गोल होईल त्यानं भिंतीकडच्या लाकडी तक्तावर चढायचं आणि पहिला चहा घ्यायचा. बरोबरी झाली की सगळे परत खाली. तर एका बाजूला फ्रान्स, जगाचा कप त्यांचा, युरोपचा कप त्यांचा. दुसऱ्या बाजूला सेनेगल, एके काळी याच फ्रान्सच्या ताब्यात राहिलेला देश, वर्ल्ड कपात पहिल्यांदाच आलेला. आम्ही झाडून सगळे सेनेगलचे. मी फारूखला विचारलं, तुम्ही कोणाचे? तर म्हणतो, फ्रान्सचा. मी म्हटलं, तिथं तुमचं कोण लागतं? तर म्हणतो, कोणीच नाही मामू, म्हणूनच जो सुरेख खेळतो त्याचा.

सेनेगलनं गोल केला. सगळी गल्ली तक्तावर चढली. पाय ठेवायला जागा नव्हती. हा एकटा खाली चटईवर. रिक्षावाल्या सांडूनं त्याला तीनदा बोलावलं, अहो या वर, कशाला हरताय. तर म्हणे, सामना अजून संपला नाही. शेवटपर्यंत तसाच बसून राहिला, त्याचा चहासुद्धा निवून गेला. इतकी समज नाही!

रईसा, मला सांग, ज्याला कुणाची जबरदस्ती नाही, कुणाची भीती नाही, तो माणूस आपण होऊन बलाढ्याच्या बाजूला उभा राहतो. उद्या एकीकडं याचं भरलेलं घर असेल आणि दुसरीकडं आपली एकटी वहिदा. तेव्हा हा कुणाकडं जाईल?

शफीभाईंना सलाम. लोभ आहेच, तो माझ्या नकारानं उणा होऊ देऊ नये.

तुझा,
गयासभाई

———

पिशोर,
ता. ८ जून २००२

ती. गयासभाई यांस रईसाचा आदराचा सलाम, वि. वि.

सासूबाईंचा खोकला बरा आहे. यांची पट्टी निघाली, काळा चष्मा मिळालाय, आता नवरदेवासारखे मिरवतात. शेळीला दोन पिल्लं झाली. माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस. तुझं पत्र ऐकून दुखणं गुडघ्यातून डोक्यात चढलंय.

भाईजान, तुला झालंय तरी काय? अजिंठ्याच्या मुलाला नाही म्हणालास, कारण त्यानं रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस केली. कन्नडच्या मुलाला नाही म्हणालास, कारण तो हॉटेलातल्या माणसाला ‘ए’ म्हणाला. तेव्हा मी गप्प बसले. अब्बा गेल्यापासून आपल्या घरात मामूच्या होकाराशिवाय मुलीचं ठरत नाही, हा मान मीच तुला दिला. पण आता टीव्हीतल्या परक्या मुलखाच्या चेंडूवरून माझी लेक घरी बसवणार? शेजारणींना मी काय सांगू, सेनेगल आडवा आला म्हणून?

आणि तू लई मोठा गरिबाचा कैवारी. आपल्या उरुसात कुस्त्या व्हायच्या तेव्हा तू कायम किडकिडीत पैलवानाच्या बाजूनं घसा फोडायचास. आठवतंय? तो हरला की लंगडत एकटाच एस्टीकडं जायचा आणि तू भज्यांच्या गाडीवर उभा असायचास. दुबळ्याच्या नावानं ओरडून तुझं आजवर गेलं काय? घसा बसला, तेवढंच.

फुलंब्रीवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय. त्यांना सिल्लोडचंही एक स्थळ सांगून आलंय. ते थांबणार नाहीत. नीट विचार कर. मला या वयात तुझ्याशी भांडायला लावू नकोस. भावजयीला म्हणावं लवंग धर.

बहिणीवर माया असू दे, निदान अक्कल येईपर्यंत.

तुझी,
रईसा

(मामू, अम्मी बोलली तसं लिहिलंय. दोन शब्द तेवढे गाळले. — वहिदा)

———

औरंगाबाद,
ता. २२ जून २००२

चि. रईसा हिला अनेक दुआ, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गाळलेले दोन शब्द कोणते ते मला न सांगता कळलं. जाहेदानं दाढ काढून घेतली, आता तिला बोलता येत नाही, म्हणून ती तुझं पत्र माझ्यासमोर ठेवून नुसतं बोट दाखवते. दोघी मिळून माझा जीव खाताय.

बहिणीनं इतकं सुनावल्यावर मी फारूखला परत बोलावलं. अन्याय नको. काल शुक्रवारी दुपारी बारालाच ब्राझील आणि इंग्लंडचा सामना होता, जुम्याच्या नमाजाआधी बराचसा होईल असा हिशेब केला. ब्राझील म्हणजे चार वेळा जग जिंकलेला. फारूख ब्राझीलचा, हे सांगायला नकोच. मी इंग्लंडची बाजू घेतली. तर शेजारचे नानासाहेब, एस्टीतून रिटायर झालेले, सगळ्यांदेखत म्हणाले, गयासभाई, इंग्रज गरीब कधीपासून झाले? दीडशे वर्षं मुलुख खाल्ला, आता त्यांची कीव येते व्हय? सगळे हसले. मी म्हटलं, मैदानात आज तेच कमी आहेत. म्हटलं खरं, पण माझं मलाच पटलं नाही.

पहिला गोल इंग्लंडनं केला. एवढ्या मोठ्या तक्तावर मी एकटा, एखाद्या खालसा झालेल्या जहागीरदारासारखा, आणि खाली सगळी गल्ली दात काढून बसलेली. मग बरोबरी झाली, मी खाली उतरलो. मग ब्राझीलचा दुसरा गोल झाला, ते सगळे वर चढले. त्यात ब्राझीलच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं, त्यांचे दहाच राहिले. नानासाहेब वरूनच म्हणाले, बोला गयासभाई, आता कमजोर कोण? आता तुम्ही आमच्यात यायला पाहिजे. रईसा, माझ्याच नियमानं मी बाजू बदलायला पाहिजे होती. मी बदलली नाही, हट्टानं खाली बसून राहिलो. इंग्लंड हरलं.

नमाजाला निघताना गुडघा धरला, उठता येईना. फारूखनं हात दिला. पण हात दिला म्हणून होकार देणारा मी नाही. माझं डोकं पिकलंय, या मुलाला काय म्हणावं ते मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्या हातात पोरगी द्यायची नाही. फुलंब्रीला नकार कळव. माझ्यानं लिहवत नाही.

शेळीच्या पिल्लांना दूध कमी पाजू नका. रागावलीस तरी भावाला विसरू नकोस.

तुझा,
गयासभाई

———

पिशोर,
ता. २६ जून २००२

ती. मामू यांस वहिदाचा सलाम, वि. वि.

मुमानीची दाढ आता बरी असेल. अम्मी दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलत नाही, म्हणून हे पत्र माझं मी लिहितेय. तिला ठाऊक नाही. फुलंब्रीला नकार अजून गेलेला नाही. तो मलाच लिहायला सांगितला होता. मी लिहिला नाही.

मामू, राग मानू नका. आजवर तीन मुलं पाहून झाली, तिघांची परीक्षा तुम्ही घेतली. अम्मी तुमच्याशी भांडते, तुम्ही नानासाहेबांशी भांडता, आणि सगळं मीच मोठ्यानं वाचून दाखवते, जशी काही दुसऱ्या कुणाची बातमी आहे. मला कुणी एकदा तरी विचारलं का?

तुमचं पहिलं पत्र मी परत वाचलं. सेनेगलच्या दिवशी तुम्ही टीव्हीत दुबळा कोण ते शोधत होतात. पण तुमच्या खोलीत कोण होतं? सगळी गल्ली तक्तावर आणि एक पाहुणा माणूस खाली, ज्याचं लग्न तुमच्या हातात होतं. त्याला नुसतं उठून वर बसायचं होतं. गरम चहा मिळाला असता, मामू खूश झाला असता. तुम्हीच लिहिलंय की तो उठला नाही. ती ओळ तुम्ही रागात लिहिली, म्हणून तुम्हाला दिसली नाही. मला दिसली.

पण मी होकार देतेय असं समजू नका. मी त्यांना एकदाच पाहिलंय, हातात चहाचा ट्रे धरून, आणि तेव्हा त्यांच्यापेक्षा त्यांची चप्पलच जास्त दिसली. हट्टी असतील, तर तेही मला चालणार नाही. घरात एक मामू पुरे.

सोमवारी अब्बूंचा डोळा दाखवायला औरंगाबादला यायचंच आहे. आम्ही रविवारी सकाळीच येतो. त्या दिवशी फायनल आहे. त्यांना बोलवा. मी मुमानीजवळ, स्वयंपाकघराच्या दाराशी बसेन. पण यावेळी माझीही बाजू विचारा.

तुमची माया अशीच राहो, माझ्यावर थोडी जास्त.

तुमची,
वहिदा

———

औरंगाबाद,
ता. १ जुलै २००२

चि. रईसा हिला गयासभाईच्या दुआ, वि. वि.

शफीभाईंचा डोळा उत्तम आहे, डॉक्टर खूश झाले. वहिदा परत येतेय, तिच्याच हातून हे पत्र पाठवतो, तीच वाचून दाखवील. फुलंब्रीला नकार तिनं लिहिलाच नव्हता, पण तू तिच्यावर ओरडू नकोस. ओरडायचं ते मी ओरडून घेतलंय.

काल ब्राझील आणि जर्मनी. नानासाहेब, सांडू, फारूख, अगदी जाहेदासुद्धा ब्राझीलकडं. शफीभाई काळा चष्मा लावून बसले होते, दर घडीला विचारायचे, आपला कोणता? मग मी वहिदाला विचारलं, बेटा, तुझी बाजू? दारातून आवाज आला, जर्मनी. का म्हटलं तर म्हणे, माझी मर्जी. माझं विचारशील तर मला काही ठरवताच आलं नाही. इंग्रजांपायी झालेली फजिती अजून ताजी होती. मी चहाची किटली घेऊन चौकटीत उभा राहिलो, ना वर ना खाली, आणि दोन्ही गुडघ्यांचं वाटोळं करून घेतलं.

दुसऱ्या हाफात ब्राझीलनं गोल केला. सगळे तक्तावर चढले, फारूखही चढला. खाली, दाराशी चटईच्या कडेला आपली पोरगी एकटी. मी टीव्ही सोडून त्याच्याकडंच बघत होतो. मनात म्हणत होतो, मर्दा, आता उतर खाली, तिच्या बाजूला ये, मी इथल्या इथं होकार देतो. तो उतरला नाही! खुशाल मांडी घालून बसला. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात सांडू वहिदाला म्हणाला, पोरी, ये वर, कशाला हरतेस, चहा निवतोय. तेव्हा फारूख म्हणाला, सांडूभाऊ, बसू द्या त्यांना. सामना अजून संपला नाही.

बस, तेवढंच बोलला. तिच्याकडं बघितलंही नाही. नंतर ब्राझीलनं आणखी एक गोल केला आणि कप नेला. वहिदा शिट्टी वाजेपर्यंत जर्मनीचीच राहिली. तिला कुणी दुसऱ्यांदा वर बोलावलं नाही.

सगळे गेल्यावर मी तिच्यासमोर फारूखला खूप बोललो. म्हटलं, एक पाऊल खाली उतरवलं नाही त्याच्यानं. तर ती म्हणाली, मामू, ते खाली आले असते तर मी नाय म्हटलं असतं. माझ्यावर दया करायला आले असते आणि माझी बाजू माझी राहिली नसती. मग खाली मान घालून म्हणाली, आता फुलंब्रीला काय कळवायचं ते कळवा, पण नकार कळवू नका.

रईसा, मला हे पुरतं समजलंय असं नाही. ब्राझीलची बाजू घेणं मला अजूनही पसंत नाही, त्यांना आपली काय गरज पडलीय? पण सेनेगलच्या दिवशी आम्ही सगळे तक्तावर बसून एका माणसाला हसलो, ते रात्रंदिवस टोचतंय. फुलंब्रीला मी स्वतः जाऊन होकार देतो. नानासाहेबही येतो म्हणतात, त्यांना निदान बसमध्ये तरी गप्प बसायला सांगेन.

आणखी एक. मी वहिदाला म्हटलं, लग्नात मामूकडून काय पाहिजे ते माग, तक्त म्हणालीस तर तक्त देतो, सागवानी आहे. तर तिनं चटई मागितली. जुनी आहे, एका कडेनं उसवलीय. नवी घेऊन देतो म्हटलं तर नको म्हणाली. देईन. गल्लीला पुढच्या वर्ल्ड कपाला जमिनीवर बसू दे.

वहिदा बेटा, वाचून झालं असेल तर आता हसलीस तरी चालेल.

रईसा, गुडघ्यांना तेल लाव, मीही लावतोय. लग्नाची बोलणी करायला पिशोरला कोणत्या शुक्रवारी यायचं ते शफीभाईंना विचार आणि उलट टपाली लगेच कळव. फुलंब्रीवाले थांबलेत, पण मला आता थांबवत नाही.

तुझा,
गयासभाई