पाझरणारा माठ

१५ जून १९८७, सोमवार
एक कोडे. आमच्या चिपळूणला माठातले पाणी जेमतेम गार होते. या जळगावच्या भट्टीत मात्र घरमालकीण झुंबरअक्कांच्या माठातले पाणी दातांना कळ आणते. हवा अधिक तापलेली, पाणी अधिक थंड! उत्तर सुंदर आहे. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत ते भराभर उडते, दमट हवेत रेंगाळते. हे इथल्या नववीला शिकवायला मिळणार. भाग्यवान नववी!
बाकी शहर किळसवाणे. दातांत धूळ. खाणावळीत शेवभाजीवर बोटभर तेल.

१७ जून
अक्कांनी मलाही एक जुना माठ दिला. शिसारी आली. सतत पाझरतो. बुडाला शेवाळ, खाली चिखल, अंग घामेजलेल्या पैलवानासारखे. तक्रार केली. म्हणाल्या, "पाझरू द्या ना मास्तर! माठ शे तो, पितळी हंडा नही." अशास्त्रीय उत्तर.

२० जून, शनिवार
मुख्याध्यापक तोतारामनाना पुढच्या शनिवारी माझा पाठ पाहणार. पसंत पडला तर नेमणूक कायम. नाहीतर ट्रंक उचलून चिपळूण. विषय अर्थातच माठ. माझाच माठ वर्गात नेणार, पण सभ्य करून.

२१ जून
माठ घासला, उन्हात वाळवला, बाहेरून पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो. म्हणजे पाणी आणखी गार. आता एक थेंब पाझरणार नाही. अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काय करी टाकं मास्तर!" कौतुक असावे.

२४ जून
पाणी कोमट. दोष नळाचा. कढतच येते.

२५ जून
त्याच नळाचे पाणी अक्कांच्या माठात गार! मग कुंभार लबाड. तुलनेसाठी अक्कांकडे नऊ पेले प्यायलो. म्हणाल्या, "प्या, प्या. माझ्या माठले रंग नही ना!" विषयांतराची त्यांना सवय आहे.

२७ जून, शनिवार
अर्धा तास बाष्पीभवनावर बोललो. फळ्यावर तीन आकृत्या. माझ्या मते अजोड पाठ. मग माठात एक थर्मामीटर, स्टीलच्या बादलीत दुसरा. वाचनाचा मान नानांना दिला.
नाना म्हणाले, "दोन्ही अडतीस."
वर्गात खसखस. नानांनी माठावर नख ओढले. पांढरा पापुद्रा निघाला. म्हणाले, "मास्तर, अर्धा तास सांगितलं त्यातलं तुम्ही स्वतः काही ऐकलं का?" मग शिपाई चुडामणला व्हरांड्यातला शाळेचा माठ आणायला सांगितला. ओला, शेवाळलेला, किळसवाणा. पंचवीस डिग्री.
येत्या शनिवारी पुन्हा पाठ. माठ शाळेचा. तोवर मी नववीच्या मागच्या बाकावर बसायचे.

२८ जून
सकाळपासून माठ खरवडतो आहे. रंग निघत नाही. अक्का स्वतःच्या माठातले गार पाणी देऊन गेल्या. हे अधिक झोंबले.
ज्याला शंका असेल त्याने एक हात ओला करून पंख्याखाली धरावा. गार पडेल. मग त्याच ओल्या हातावर दुधाची रिकामी पिशवी चढवावी. गारवा संपला. पिशवी म्हणजे ऑइल पेंट.
एक मिनिट लागते. मला आठवडा लागला. पण मी पद्धतशीर केले.