मांदेलीची राखण

आये, कार्तिक सरत आलाय. वारा पडलाय, अर्नाळ्याचा समुद्र तेलाचा हात फिरवल्यासारखा गुळगुळीत झालाय आणि कुरव आलेत. तुझ्या लेखी ती सगळी नुसती पाखरं. पांढरं असो, करडं असो, मासळीवर बसलं की ते पाखरू आणि हातातली काठी त्याच्यासाठी. वाळूवर जुनी जाळी अंथरून तू मांदेली वाळत घालायचीस आणि राखणीला मला बसवायचीस. हाकता हाकताच मी त्यांच्याकडे बघायला शिकले. एकदा बघण्यात इतकी रमले की कावळ्यांनी अर्धं जाळं साफ केलं, तेव्हा तुझी काठी माझ्याच पाठीत बसली. "पाखरं बघून कोनाचं पोट भरलंय गो?"

पुढे कॉलेजात मी त्याच पाखरांचा अभ्यास केला आणि दक्षिणेकडच्या एका खाडीवर पक्ष्यांच्या पाहणीसाठी मला दोन वर्षांकरता बोलावलं. लग्नाच्या वयाच्या मुलीने एकटीने एवढ्या लांब जायचं, म्हणून घरात कुणी हो म्हणेना. बाबा तुझ्याकडे बोट दाखवायचे, आयेला विचार म्हणायचे. तू मात्र आगाशीच्या बाजारात टोपलीमागे बसून सांगत होतीस, की पोरीला पाखरं हाकायला पगारावर बोलावलंय. शेजारची मावशी म्हणाली, "मंग आपन जन्मभर फुकटच हाकली." सगळ्या हसल्या, तूही हसलीस, पण मला उत्तर दिलं नाहीस. फारच मागे लागले तेव्हा म्हणालीस, "गेलीस काय नि ऱ्हायलीस काय, टोपली उचलायला दोन हात कमी, बस." ते मला लागलं. जायचं तर होतंच, पण कुणालाच नकोशी होऊन जायचं नव्हतं.

मग ती सकाळ. अशीच, वारा नसलेली. कॉलेजची दुर्बीण घेऊन मी पाण्याच्या कडेला बसलेय, तू मागे मासळीपाशी. कुरवांचा थवा उतरतो तो थेट जाळ्यांवर. कुठून कुठून आलेली, दमलेली पाखरं, माना खाली घालून खात सुटतात. मावशी काठी घेऊन उठते आणि तू तिचा पदर ओढून तिला खाली बसवतेस.

"ऱ्हाऊ दे. पोर बघते."

"आन् मासली?"

"खातील किती खातील ती."

मासळी तुझी होती आये, पहाटेपासूनची मेहनतही तुझीच. संध्याकाळी चुलीपुढे तू विचारलंस, "तिथं भात मिलतो ना?" एवढंच. मी समजले आणि पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या वर्षी तू गेलीस. तेव्हा आपल्या आळीत एकच फोन होता, दुकानातला. निरोप पोचून मी घरी येईपर्यंत सगळं उरकलं होतं. हा कागद आता टपालाच्या कुठल्या पेटीत टाकायचा? राहील माझ्याच पिशवीत.

पण एक सांगते. त्या सकाळी तुला वाटलं, मी पाखरं बघतेय. थोडा वेळ बघितली. मग दुर्बीण तुझ्याकडे वळवली. मावशीला दिसू नये म्हणून मान फिरवून तू पदराने डोळे पुसत होतीस. मला बरं वाटलं, आये. फार बरं वाटलं.